बनसोडे सरांची इर्जिक

"अरे, सोपं आहे. बनसोडे सरांची इर्जिक आठव की," शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, आणि सयाजीच्या बशीतला चहा त्याच्या पँटवर सांडला.

सांगलीच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात तो साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसला होता. बायकोला, विजयमालाला, तिच्या भावाकडं सोडलं होतं. मेहुण्यानं आग्रह कर-करून जेवायला घातलं होतं. आता गाडी लागेपर्यंत एक चहा, एवढाच त्याचा आणि सांगलीचा संबंध उरला होता. शेजारी कॉलेजातली दोन पोरं भडंग खात परीक्षेचं बोलत होती आणि तो ते कानाआड करत होता. साताऱ्यात वर्षभर हेच ऐकायचं आणि सांगलीत येऊनही तेच, म्हणजे काय. पण इर्जिक म्हटल्यावर त्याचे कान टवकारले. "हे बघ," तो पोरगा सांगत होता, "शेत एकाचं, बैल सगळ्या गावाचे. दिवसभर फुकट नांगरायचं आणि संध्याकाळी त्याच्या दारात पोटभर जेवायचं. ही इर्जिक. आता दुर्खाइम तिथं आला तर काय बघणार? सगळे एक झालेत ते बघणार. मार्क्स आला तर विचारणार, शेत कुणाचं? पीक कुणाच्या घरात जाणार? आणि वेबर बांधावर बसून एकेकाला जवळ बोलावून विचारणार, गड्या, तू का आलास? झालं. तीन विचारवंत, एक शेत." दुसरा पोरगा म्हणाला, "भारीच की." सयाजीनं रुमाल काढून पँट पुसली. डाग पडायचा तो पडलाच. शब्द न् शब्द त्याचा होता. बांधावर बसणंसुद्धा त्याचं होतं. वेबरला बांधावर बसवायला त्याला किती दिवस लागले होते, हे या भडंग खाणाऱ्याला कोण सांगणार?

बारा वर्षं झाली असतील. तेव्हा सयाजी साताऱ्याच्या कॉलेजात नवा होता, एम.ए.ला इंग्रजीतून घोकलेलं समाजशास्त्र तसंच्या तसं मराठीत आणून पोरांच्या अंगावर टाकत होता. पोरं पाटणची, कोरेगावची, खटावची. घरून भाकरी बांधून यायची आणि दुपारच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची. एक दिवस टिपणं घरी राहिली. फळ्यावर तीन नावं लिहिली आणि पुढं काय बोलावं ते सुचेना. खिडकीबाहेर कुणाचं तरी औत चाललं होतं, आणि तो एकदम म्हणाला, "तुमच्यापैकी इर्जिकीला कोण कोण गेलंय?" सगळा वर्ग जागा झाला. त्या तासाला तो जे बोलला ते त्याचं त्यालाच नवं होतं. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. दुसऱ्या बाकावर सोपान बनसोडे बसला होता, तो सगळ्यांत आधी हसला होता, कळल्याचं हसू. त्यानंतर दर वर्षी सयाजीनं इर्जिक सांगितली. कुठं थांबायचं, वेबरला कधी बांधावर आणायचा, मार्क्सच्या तोंडी प्रश्न घालताना आवाज किती चढवायचा, सगळं बसवत आणलं. बाकीच्या प्राध्यापकांनी पीएच.ड्या केल्या, कुणी गाइडं लिहून बंगले बांधले. सयाजीकडं इर्जिक होती. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या डोक्यातून आलेलं एवढं एकच त्याच्याकडं होतं, आणि ते आता सांगलीत दुसऱ्याच्या नावानं भडंगाबरोबर खपत होतं.

"चारला व्याख्यान आहे ना सरांचं? वाचनालयात?" दुसऱ्यानं विचारलं. "हो, तीन विचारवंतांवरच. चल, पुढची जागा धरू." पोरं गेली. सयाजीनं घड्याळ पाहिलं. बाहेर साताऱ्याची गाडी लागली, कंडक्टरनं कराड, उंब्रज, सातारा अशी हाळी दिली, माणसं आत घुसली, आणि गाडी गेली. तो बसून राहिला. मनात म्हणाला, जाऊन नुसतं ऐकू. नुसतं ऐकायला थोडंच कुणी गाडी सोडतं? त्याला उभं राहून विचारायचं होतं. चारचौघांत, सोपानच्या तोंडावर. हे उदाहरण आपण कुठून घेतलंत, बनसोडे? बनसोडे म्हणायचं, सोपान नाही. आणि 'आपण'. पुढं काय होईल ते त्याला स्वच्छ दिसत होतं. सोपानचा चेहरा पडेल, पोरं मागं वळून पाहतील, हा कोण म्हणून कुजबुजतील, आणि इर्जिक आपल्या घरी परत येईल.

उन्हात तो उगाच चालत राहिला. गणपतीच्या देवळावरून नदीकडं गेला, आयर्विन पुलावर जाऊन उभा राहिला. कुठल्या तरी वखारीतून हळदीचा वास येत होता, नाकात बसणारा, कोरडा. सोपानही असाच डोक्यात जाऊन बसला होता, गेली कैक वर्षं. दोघांचं गाव एकच, रहिमतपूरच्या पलीकडचं. सयाजीची, घाडग्यांची माडी गावाच्या मध्यावर, बनसोड्यांची चार घरं ओढ्यापल्याड. सोपानचा बाप धोंडीबा. छप्पन साली ओढ्यापल्याडच्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं वर्षभर त्यांच्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. सयाजीचे वडील नानासो मात्र सरकारी शहाणपणानं म्हणायचे, ज्याची त्याची इच्छा. पुढं सोपान मॅट्रिक झाला आणि धोंडीबा त्याला घेऊन साताऱ्यात सयाजीच्या दारात येऊन उभा राहिला. "सयाजीराव, पोरगं तुमच्या हवाली," एवढंच म्हणाला. विजयमालानं पोराला आत नेऊन स्वयंपाकघरात, आपल्या पंगतीला बसवून जेवायला वाढलं. सयाजीनं दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. आमच्यात जेवतो तो, म्हणाला, आम्ही तसलं काही पाळत नाही. तेव्हा सोपानवर त्याचा जीव होता. खोटं कशाला? पोरगं हुशार होतं, पाया पडत नव्हतं पण मान राखत होतं, आणि सयाजी बोलताना अशी नजर लावायचं की बोलणाऱ्याला आपण आहोत त्याहून मोठं वाटावं. मास्तराला दुसरं काय लागतं?

मग सोपान विद्यापीठात पहिला आला. पेपरात फोटो आला. गावानं सत्कार केला, गुरू म्हणून सयाजीलाही नारळ दिला. घरी येताना नानासो वाटेत थांबून म्हणाले, "तुज्या हाताखालचं प्वार तुज्याम्होरं गेलं की रं, सयाजी." हसत म्हणाले. बापानं हसत म्हटलेलं फार दिवस टिकतं. त्यानंतर सोपानला सांगलीत नोकरी लागली, पुण्याच्या त्रैमासिकात त्याचे लेख येऊ लागले, मुंबईची मंडळी त्याला परिसंवादाला बोलावू लागली. आणीबाणीत तो काही दिवस आत जाऊन आला आणि आणखी मोठा झाला. सयाजी आणीबाणीत अत्यंत वेळेवर कॉलेजला गेला होता. रविवारी पेपर उघडला की विजयमाला चहा ठेवता ठेवता म्हणायची, "कपाळाला एवढ्या आठ्या? सोपानचं काही छापून आलंय वाटतं." तो म्हणायचा, छे, भाषा कच्ची आहे अजून. ती म्हणायची, "तरी दोनदा वाचताय." तिच्यापुढं काही लपत नव्हतं. "पोटात दुखतंय तुमच्या," असं तिनं एकदा सरळ सांगितलं होतं, ओवा देऊ का असंही विचारलं होतं.

पुलाच्या कठड्याला टेकून तो खालचं पाणी पाहत राहिला. या दुखण्याकडंही त्यानं आपल्या तिघांना बोलावून पाहिलं होतं, सवयच होती ती. मार्क्स आला असता तर म्हणाला असता, इर्जिकीवर बोलतोस आणि तिच्याभोवतीच कुंपण घालतोस? उदाहरण ही काय तुझ्या बापाची जमीन आहे? दुर्खाइम म्हणाला असता, गुरूनं शिष्याचा हेवा करू नये हा नियम समाजानं केला, कारण गुरू तो करतातच. आणि वेबर? वेबर याच कठड्याला टेकून, पाइप पेटवून, शांतपणे विचारत राहिला असता, सयाजीराव, तुम्हांला नेमकं काय हवंय? उदाहरण परत हवंय, की पोरगं परत हवंय, की पोरगं ज्या नजरेनं पाहायचं ती नजर हवीय? सयाजीला वेबर कधीच फारसा आवडला नव्हता. चार वाजत आले होते. तो वाचनालयाकडं वळला, आणि वाटेत त्यानं दोनदा मनातल्या मनात प्रश्न म्हणून पाहिला. 'आपण' नको, 'तुम्ही' बरं. 'आपण'मध्ये उपरोध फार दिसतो.

वरच्या मजल्यावरचा हॉल भरला होता. तो मागं, खांबाच्या आडोशाची खुर्ची धरून बसला. पुढच्या रांगेत पांढरा फेटा दिसला आणि त्यानं खुर्ची आणखी खांबाआड ओढली. धोंडीबा. बायको गेल्यावर तो पोराकडं सांगलीत राहायला आला होता, हे ऐकून माहीत होतं. सभा संपल्यावर जिन्यात समोरासमोर आला तर काय म्हणून हाक मारायची? लहानपणी घाडग्यांच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला 'ए धोंडीबा' म्हणायचं, आणि सयाजी त्या पोरांतला एक होता. पुढं शिकल्यावर 'अरे' तोंडात यायचं बंद झालं, पण 'अहो'ही येईना, म्हणून तो हाक न मारताच बोलायचा. अध्यक्ष लालासाहेब नावाचे एक म्हातारे वकील होते. त्यांनी प्रास्ताविक केलं, तेही लांबवलं. मग सोपान उठला. टेरिलीनचा साधा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, केस अकाली पिकू लागलेले. त्यानं फळ्यावर तीन नावं लिहिली, खडू खाली ठेवला, आणि विचारलं, "तुमच्यापैकी इर्जिकीला कोण कोण गेलंय?"

प्रश्नसुद्धा! थांबणंसुद्धा! हात वर झाले, हशा झाला, सोपाननं शेत रंगवलं, बैल रंगवले, दुर्खाइमला गर्दीत उभा केला, मार्क्सला सातबारा मागायला लावला, वेबरला बांधावर बसवला. आणि सांगत होता चांगलं, फार चांगलं. सयाजी ज्या ठिकाणी आवाज चढवायचा तिथं हा आवाज उतरवत होता, आणि पोरं पुढं वाकत होती. हे आपल्याला बारा वर्षांत का सुचलं नाही? एकदा तर सयाजी विसरून स्वतःच हसला. मग सोपान म्हणाला, "हे उदाहरण माझं नाही, बरं का. माझ्या सरांचं आहे. साताऱ्याचे घाडगे सर. मी जे काही थोडं शिकलोय, त्याची सुरुवात त्यांच्या त्या एका तासापासून झाली. आमची पोरं याला बनसोडे सरांची इर्जिक म्हणतात, मी सांगून सांगून थकलो. ती घाडगे सरांची इर्जिक आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सयाजीच्या शेजारच्या गृहस्थानंही वाजवल्या आणि हा माणूस का वाजवत नाही म्हणून त्याच्याकडं पाहिलं. सयाजीनं वाजवल्या. स्वतःसाठीच्या टाळ्या त्यानं खांबाआड बसून वाजवल्या. वाटेत घोटलेला प्रश्न आता खिशात घालून घरी न्यायचा होता. सोपाननं त्याची तक्रारही काढून घेतली होती, तीही इतक्या चांगुलपणानं, की ज्याच्यावर चिडायचं त्याच्या पाठीवर थाप मारायची पाळी यावी. चोर निघाला असता तर किती बरं झालं असतं! तो चोर असता तर आपण धनी ठरलो असतो.

"पण सरांच्या इर्जिकीत एक शेत राहून गेलं," सोपान म्हणाला. "ते माझ्या वडिलांचं." त्यानं पुढच्या रांगेकडं पाहिलं. "आमची वतनं गेली आणि ती जमीन आमच्या नावावर झाली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. वडील आयुष्यभर गावाच्या इर्जिकींना गेलेले. बैल नव्हते, म्हणून हातानं ढेकळं फोडायला, दगड वेचायला. आता स्वतःचं रान होतं, पडीक, कुंद्याच्या गवतानं भरलेलं, आणि त्याला सहा-आठ बैलांचा नांगर लागणार होता. वडिलांनी इर्जिक घातली. घरोघर जाऊन सांगून आले. आमच्या घरचं कुणी खाणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी काय केलं? गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, सगळा शिधा आधीच नेऊन गुरवाच्या दारात ठेवला. गुरवीण रांधणार, देवळापुढच्या पारावर वाढणार, आमच्या हाताचा पाण्याचा थेंबही लागणार नाही. कुणाला काही अडचण म्हणून राहू दिली नाही त्यांनी. सकाळपासून आम्ही बांधावर उभे होतो. मी, आई आणि वडील. ऊन डोक्यावर आलं. कुणी आलं नाही. एकही औत आलं नाही." त्यानं फळ्याकडं हात केला. "आता तिघांना बोलवा या रानात. मार्क्सला सांगा, जमीन आमची होती, कागद होता, आणि तरी रान पडून राहिलं. वेबरला बांधावर बसवून उपयोग नाही, विचारायला कुणी आलंच नाही. त्याला घरोघर हिंडावं लागेल, तू का आला नाहीस हे विचारत. आणि दुर्खाइमला मी एवढंच दाखवीन की गावात पाच तट होते, दोन पार्ट्या होत्या, भावाभावांचे कज्जे होते. त्या दिवशी मात्र सगळं गाव एक झालं होतं. न येण्यात."

क्षणभर सयाजी निव्वळ मास्तर झाला. वा, पोरा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. आणि त्याच्यामागून दुसरं काहीतरी वर आलं, करपट ढेकरेसारखं. हे आपल्याला सुचायला हवं होतं. गाव एकच, उन्हाळा एकच, आपणही होतो तिथं! एम.ए.च्या सुट्टीत घरी आलो होतो. आपल्याजवळही ती गोष्ट होती, पुरी, इतकी वर्षं, आणि आपण ती तशीच पडू दिली. त्याला तो दिवस आता लख्ख आठवला. घरात उकडत होतं म्हणून तो गोठ्यात जाऊन बसला होता, गव्हाणीच्या कडेला टेकून, हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक. समाज कशानं एकत्र राहतो, यावरचं होतं ते. शेजारी खिलारी जोडी रवंथ करत उभी होती. बाहेर ओसरीवर नानासो कुणाला तरी म्हणाले होते, "बैलं दमल्यात म्हनावं. गुऱ्हाळानं पार मोडल्यात." आणि सयाजीनं पान उलटलं होतं. ते पान त्याला अजून आठवत होतं, त्यावरच्या दोन ओळींखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती. सोपान बांधावर उभा होता आणि आपण गोठ्यात. चांगली जागा त्याला मिळाली. हा विचार आला तसा सयाजी स्वतःच दचकला. आपण कशाचा हेवा करतोय? उन्हात ताटकळलेल्या पोराचा? पण हेवा होता, पोटात खोल, खराखुरा. त्याच्या वाट्याला अपमानसुद्धा असा आला की त्यातून विचार उगवावा, आणि आपल्याला सगळं आयतं मिळून हातात काय, तर एक उदाहरण, तेही अर्धं.

टाळ्या थांबल्यावर लालासाहेबांनी प्रश्न विचारायला सांगितलं. एका शिक्षिका बाईंनी उठून विचारलं, "लोकांनी न येण्याचं कारण काय सांगितलं, सर? काहीतरी म्हणाले असतील ना?" सोपान हसला. "म्हणाले की. बैल दमलेत. सगळ्या गावाचे बैल त्या दिवशी दमले होते." हशा झाला. "नाही, पण हसू नका. माझे वडील आजही सांगतात की बैल खरंच दमले होते. गुऱ्हाळाचा हंगाम लांबला होता, जनावरं मोडून गेली होती, माणसांचा तरी काय दोष, असं म्हणतात. मी लहानपणापासून तेच ऐकलंय. मी शास्त्राचा माणूस आहे, मला शंका आहेत. पण पुरावा नाही. आणि पुरावा नाही तोवर मी वडिलांचं म्हणणं खरं धरतो. थोडे तरी दमले असतील." पुढच्या रांगेतला पांढरा फेटा जरासुद्धा हलला नाही.

पुरावा नाही. सयाजीच्या कानांत ते शब्द घुमले. सोपानजवळ सगळं होतं, रान होतं, बांध होता, बाप होता, भाषा होती, टाळ्या होत्या. आणि हे एक नव्हतं. या हॉलमध्ये ते एकाच माणसाजवळ होतं. तो उभा राहिला तेव्हा त्याला आपले पाय हलके वाटले, पहिल्या वर्षी वर्गात शिरताना वाटायचे तसे. "माझा एक प्रश्न आहे," तो म्हणाला. माना वळल्या. सोपाननं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "सर! तुम्ही कधी आलात? मंडळी, हेच आमचे—" "बैल दमलेले नव्हते," सयाजी म्हणाला. आवाज हवा तसा लागला होता, ना चढा ना पडका. "तुझ्या मांडणीत तेवढी एक चूक आहे, सोपान. गुऱ्हाळ तेव्हा कधीच उरकलं होतं. गावात सगळ्यांत मोठं औत आमचं. आमची जोडी त्या दिवशी गोठ्यात उभी होती, आदल्या दिवशीही उभी होती. पेंड खाऊन माजली होती. मी स्वतः तिथं होतो. हवा असला तर हा पुरावा घे."

त्यानं सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याबरोबर त्याला बरं वाटत गेलं. शेवटचं वाक्य संपलं, आणि मग त्याला हॉलमधली शांतता ऐकू आली. ती कौतुकाची नव्हती. शेजारच्या गृहस्थानं आपली खुर्ची इंचभर पलीकडं सरकवली. सोपानच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता, पण तो सयाजीकडं पाहत नव्हता. तो बापाकडं पाहत होता. आणि मग सयाजीला कळलं की पुराव्याची खरी झळ कुणाला लागली. अठरा वर्षं म्हाताऱ्यानं गावाला माफ करायला एवढं एक कारण जपलं होतं, आणि आपण ते भरसभेत त्याच्या हातातून काढून घेतलं. कशासाठी? एका चुकीसाठी. सोपानची एक तरी चूक दिसावी म्हणून.

धोंडीबा उठला. उठायला त्याला वेळ लागला. खुर्चीच्या पाठीला धरून तो मागं वळला आणि डोळे बारीक करून त्यानं खांबाकडं पाहिलं. "कोन, सयाजीराव व्हय?" तो म्हणाला. "आवं, ठावं हाय मला. दुपारच्याला मी तुमच्या वाड्याव पुन्यांदा बोलवाय आलतो. गोठ्याच्या दारातनं बगिटली की बैलं. तुमी पुस्तक वाचत बसला हुता, म्हून हाक न्हाई मारली."

"अण्णा," सोपान व्यासपीठावरून म्हणाला. "तुम्ही तर मला कायम..."

"तुला कसं सांगनार रं?" धोंडीबा त्याच्याकडं वळला. "तुला शिकाय यांच्याच दारात न्हेऊन बसवायचं मनात हुतं. साताऱ्यात आपलं दुसरं कोन हुतं? तुज्या मनात त्यांची आडी धरून ग्येला आसतास तर यांनी शिकिवल्यालं तुज्या डोस्क्यात शिरलं आसतं व्हय? म्हून म्हनलं, बैलं दमल्यात." मग पुन्हा सयाजीकडं पाहून, समजूत काढावी तसं म्हणाला, "तुमी लय चांगलं शिकिवलं त्याला, सयाजीराव. बसा. उभं नगा ऱ्हाऊ."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोपान फळ्यावरची तीन नावं तशीच सोडून खाली आला, बापाशेजारच्या खुर्चीवर बसला, आणि त्यानं म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. सयाजी उभाच होता. पोरगं आपल्या तासाला जी नजर लावून बसायचं, ती या माणसानं खोटं बोलून आपल्याला आणून दिलेली होती. आपल्या वडिलांनाही, नानासोंना, सयाजीनं जन्मभर खोटं बोलताना पाहिलं होतं, तलाठ्याशी, भावाशी, वाटेकऱ्यांशी. त्यातलं एखादं तरी आपल्यासाठी बोललेलं असेल, म्हणून तो आठवू लागला. पुढच्या रांगेत सोपाननं बापाच्या खांद्यावर मान टेकवली होती. सयाजी अजून आठवत होता.